उपाशी कोणाला ठेवायचं?

एमएस्सी झाल्यावर काही वर्षं मी पुण्यात एका लॅबमध्ये पेशी सांभाळायचं काम केलं. सांभाळायचं म्हणजे अक्षरशः सांभाळायचं. वेळेवर खायला घालायचं, दाटी झाली की वेगळं करायचं, दिवाळी असो की गणपती, एक चक्कर मारून यायचंच. आमच्या सीनियर ताईंनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते हे, की पेशींची भूक रंगावरून ओळखायची. पेशी ज्या द्रवात वाढतात त्याला आम्ही नुसतं ‘मीडियम’ म्हणायचो. त्यात साखर, क्षार, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, थोडं सीरम आणि फेनॉल रेड नावाचा रंग. ताजं मीडियम लालबुंद. पेशी खात सुटल्या की लॅक्टिक आम्ल साठत जातं, आणि लालाचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा होतो. इन्क्युबेटरचं दार उघडलं की फ्लास्क हातात घ्यायच्या आधीच समजायचं, आज कोणाला जेवायला वाढायचंय. जांभळट गुलाबी दिसलं तर पोटात गोळा. एक तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपलाय, नाही तर पेशी मेल्यात. आणि गढूळ पिवळं दिसलं तर बोलायलाच नको; बॅक्टेरिया शिरलेत, फ्लास्क थेट ब्लीचमध्ये.

पोलिओच्या लशीवरच्या कामात हा रंग फार उपयोगी पडला. जोनास साल्क यांच्या पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेत ज्युलियस यंगनर होते. त्यांनी आणि साल्क यांनी १९५४ साली एक सोपी युक्ती मांडली. नळीत माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी घ्यायच्या, त्यात पोलिओचा विषाणू आणि तपासायचा रक्तद्रव घालायचा, आणि थांबायचं. रक्तद्रवात प्रतिपिंडं असली तर विषाणू निकामी होतो, पेशी जगतात, खातात आणि नळी पिवळी पडते. प्रतिपिंडं नसली तर पेशी मरतात, आम्ल तयारच होत नाही आणि नळी लालच राहते. एकेक नळी सूक्ष्मदर्शकाखाली धरत बसायची गरजच उरली नाही.

पण त्याच दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅडिनोव्हायरसवर काम करणाऱ्यांना उलटंच दिसू लागलं. सर्दी-खोकला, डोळे येणं असले उद्योग करणारा हा विषाणू. त्याची लागण झालेल्या पेशींचं मीडियम निरोगी पेशींपेक्षाही जास्त आंबट व्हायचं. म्हणजे या पेशी आजारी होत्या आणि त्याच वेळी खाखा करत होत्या. एका विषाणूनं चूल विझवली, दुसऱ्यानं ती भडकवली. मला या विषयाची गोडी लागली ती या विसंगतीमुळे.

विषाणूला स्वतःचं चयापचय नसतं, हे वाक्य शाळेच्या पुस्तकातच येतं आणि आपण ते पाठ करून पुढे जातो. त्याचा खरा अर्थ हॅरी ईगल आणि कार्ल हेबल यांच्या १९५६ च्या एका प्रयोगात दिसतो. हीला या माणसाच्या कर्करोगाच्या पेशींवर पोलिओचा विषाणू घातल्यावर मीडियममधली एकेक गोष्ट काढून घ्यायची आणि कशावाचून विषाणू अडतो ते बघायचं, असा तो प्रयोग. अमिनो आम्लं काढली, जीवनसत्त्वं काढली. विषाणू तयार होतच राहिले. ग्लुकोज, ग्लुटामिन हे एकच अमिनो आम्ल आणि क्षार एवढंच बाहेरून पुरलं, बाकी सगळं पेशीच्या साठ्यातून निघालं. विषाणू म्हणजे हात हलवत आलेला आचारी. शिधा घरचा, चूल घरची, भांडी घरची. त्याच्या खिशात फक्त काय रांधायचं त्याची यादी.

वर्तमानपत्रांत अशा वेळी ‘विषाणूनं पेशीचं अपहरण केलं’ असं छापून येतं. मला ते रुचत नाही. अपहरणात विमान वैमानिकाच्या मनाविरुद्ध भलतीकडे नेतात. इथे पेशी जे करते ते करायला ती पूर्वीपासूनच शिकलेली असते. जखम भरताना, गर्भात वाढताना, लिंफ नोड सुजते तेव्हा आपल्या पेशी हेच करतात. विषाणू नुसतं चुकीच्या वेळी ते बटण दाबतो.

बटण कसलं, ते सांगायला बर्लिनच्या ओट्टो वारबुर्ग यांच्याकडे जावं लागेल. १९२० च्या दशकात त्यांनी कर्करोगाच्या गाठींमध्ये एक विचित्र उधळपट्टी पाहिली. प्राणवायू मुबलक असतानाही गाठीतल्या पेशी साखर पूर्ण जाळत नव्हत्या. अर्धवट तोडून लॅक्टिक आम्ल म्हणून बाहेर टाकत होत्या. एक ग्लुकोज मायटोकॉन्ड्रियापर्यंत नेऊन पूर्ण जाळलं तर तीसेक एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची सुटी नाणी, मिळतात. अर्धवट वाटेनं जेमतेम दोन. अशी उधळपट्टी कोण करेल?

ज्याला वाढायचंय तो. साखर पूर्ण जाळली की तिच्यातला कार्बन श्वासावाटे हवेत जातो, आणि हवेत गेलेल्या कार्बनातून काही बांधता येत नाही. नवी पेशी बांधायची तर डीएनए-आरएनएची अक्षरं हवीत, पटलांसाठी, म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यांसाठी, मेद हवा, प्रथिनांसाठी अमिनो आम्लं हवीत. हा सगळा माल साखरेच्या त्या अर्ध्या वाटेवर, ठिकठिकाणी फुटणाऱ्या फाट्यांवर मिळतो. म्हणून वाढणारी पेशी साखर भराभर आत ओढते, हवं तिथे फाट्यावर वळवते आणि उरलेली लॅक्टिक आम्ल करून टाकून देते. हजारो नवे कण बांधायला निघालेल्या विषाणूलाही नेमका हाच माल हवा असतो. अ‍ॅडिनोव्हायरसचं एक छोटं प्रथिन पेशीच्या ‘मिक’ या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि त्याच्याकरवी साखर तोडणारी जनुकं चालू करतं, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. मिक हे वाढीचं जुनं, घरचंच प्रथिन. कर्करोगाच्या संशोधनात त्याचं नाव पदोपदी येतं. आंबट मीडियमचं कोडं सुटायला अर्धं शतक उलटून गेलं.

मात्र सगळे विषाणू एकच बटण दाबत नाहीत, आणि इथे मला खरी मजा वाटते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात थॉमस शेंक विषाणूंवर काम करत होते आणि जोशुआ राबिनोविट्झ पेशीतल्या लहान लहान रेणूंचं मोजमाप करत होते. दोघांनी मिळून मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे वजनावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर, लागण झालेल्या पेशीत कोणता रेणू कधी वाढतो आणि कधी घटतो याचा तासातासाचा हिशेब मांडला. नागिणीच्या कुळातले दोन विषाणू त्यांनी माणसाच्या एकाच प्रकारच्या पेशीत घातले. एक सायटोमेगॅलो, दुसरा ओठांवर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स. सायटोमेगॅलोनं साखरेचा ओघ मेदाकडे वळवला. बारावीत आपण घोकलेलं ते क्रेब्ज चक्र आठवत असेल. त्यातून सायट्रेट मधूनच काढून घेतलं जातं आणि त्याची मेदाम्लं होतात. चक्र रिकामं पडू नये म्हणून पेशी दुसऱ्या बाजूनं ग्लुटामिन ओतत राहते. हर्पिस सिम्प्लेक्सनं मेदाच्या नादी न लागता डीएनएची अक्षरं बनवायच्या वाटेला जोर लावला. एकाच कुळातले दोन भाऊ, एकाच घरात, पण मागण्या वेगळ्या. सायटोमेगॅलो तीन-चार दिवस सावकाश मुक्काम करतो, त्याला पेशी तोवर धडधाकट हवी असते. हर्पिस एका दिवसात आटोपून निघून जातो.

त्यातही हर्पिस अगदीच हात हलवत येत नाही. थायमिडिन कायनेज आणि रायबोन्युक्लिओटाइड रिडक्टेज, ही अक्षरं घडवणारी दोन विकरं (एन्झाइम) त्याच्या स्वतःच्या जनुकांत लिहिलेली असतात. ती कशाला? कारण हा विषाणू मज्जापेशींत दडतो. मज्जापेशी विभागत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे डीएनएच्या अक्षरांचा साठा नसल्यातच जमा. ज्या घरी शिधा नाही तिथे जायचं तर थोडं पदरचं न्यावं लागतं. नेमकं हेच त्याला आणि त्याच्या भावंडांना महागात पडलं.

माझ्या सासऱ्यांना नागीण झाली तेव्हा डाव्या बरगडीखाली पाठीकडून पोटाकडे फोडांची माळ उठली होती. शेजारच्या काकूंनी गेरू लावायला सांगितलं आणि हळूच, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, हेही सांगितलं की तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस हाती लागत नाही. ते कधी जुळत नाही. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं मणक्याजवळच्या एका मज्जागाठीत दबा धरून बसतो आणि जागा झाला की त्याच मज्जातंतूच्या वाटेनं बाहेर येतो. आणि तो तंतू शरीराच्या मध्यरेषेवर संपतो. डॉक्टरांनी असायक्लोव्हिर दिलं. आठशे मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून पाच वेळा, सात दिवस.

“पाच वेळा? अगं, इतक्यांदा मी जेवतसुद्धा नाही,” सासरे म्हणाले.

“बाबा, पाणीही भरपूर प्यायचंय.”

“आणि ही माझ्या पोटात जाऊन करते काय?”

मी त्यांना सांगितलं ते असं. ही गोळी म्हणजे डीएनएच्या एका अक्षराची नक्कल, पण तिच्यातलं साखरेचं कडं अर्धवट तोडलेलं. अशी ती कोणाच्या उपयोगाची नाही. तिला आधी एक फॉस्फेट चिकटावं लागतं, आणि ते काम आपल्या विकरांना जवळपास जमतच नाही. विषाणूचं थायमिडिन कायनेज मात्र फसतं आणि तिला फॉस्फेट चिकटवून देतं. पुढची दोन फॉस्फेटं आपल्याच पेशी लावतात, नक्कल डीएनएच्या साखळीत जाऊन बसते आणि साखळी तिथेच खुंटते. ज्या पेशीत विषाणू नाही तिथे गोळी आली तशी जाते, लघवीवाटे. बाबा एसटीत आयुष्य काढलेले. थोडा वेळ विचार करून म्हणाले, “म्हणजे त्याच्याच हातानं त्याचं तिकीट फाडायचं.” इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

हे औषध ज्या संशोधकांच्या गटातून आलं त्याच्या प्रमुख गर्ट्रूड एलियन. १९३० च्या दशकात बाई म्हणून त्यांना संशोधनाची दारं बंद झाली, पीएचडी शेवटपर्यंत झाली नाही, आणि १९८८ मध्ये नोबेल मिळालं. असायक्लोव्हिर इतकं सुरक्षित का, तर ते विषाणूनं पदरचं आणलेल्या विकरावर चालतं. सायटोमेगॅलोकडे ते विकर नाही, म्हणून त्याच्यावर हे औषध फारसं चालत नाही.

पदरचं घेऊन येणाऱ्यांची कमाल बघायची तर समुद्रात जावं लागतं. सिनेकोकॉकस हे सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्म जीवाणू आपल्या अरबी समुद्रातही आहेत. त्यांना लागणारे विषाणू स्वतःबरोबर प्रकाशसंश्लेषणाचं एक जनुक घेऊन येतात, हे २००३ मध्ये कळलं. प्रकाश झेलणारं डी-१ नावाचं प्रथिन उन्हानं सतत खराब होत असतं आणि सतत नवं घालावं लागतं. लागण झाल्यावर जीवाणूचं स्वतःचं उत्पादन मंदावतं, तर विषाणू ते प्रथिन पुरवतो, म्हणजे आपलं काम होईस्तोवर ऊर्जा येत राहील. शिवाय यांतले काही विषाणू कार्बन पकडून साखर बनवायचं चक्र अडवणारं प्रथिनही आणतात. प्रकाश घ्यायचा, पण साखर साठवायची नाही. सगळी ताकद डीएनएच्या अक्षरांत घालायची. मरायला टेकलेल्या जीवाणूकडून उन्हाची शेवटची कमाईसुद्धा वसूल करणारा हा हिशेब मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वही मिटून गच्चीवर जाऊन उभी राहिले होते.

आता डेंगी. पाऊस ओसरला की दर वर्षी आपल्याकडे घरटी एकाला तरी होतो अशी आता स्थिती आहे. याच्या आरएनएत जेमतेम अकरा हजार अक्षरं, प्रथिनं दहा. पदरचं काही आणायला जागाच नाही. याला हवी असतात पटलं. पेशीच्या आतल्या जाळीचं पटल दुमडून तो बारीक बारीक पिशव्या करतो आणि त्यांच्या आडोशाला आपल्या आरएनएच्या नकला काढतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की डेंगीचं एनएस-३ हे प्रथिन पेशीचं मेदाम्लं बनवणारं विकर ओढून त्या पिशव्यांपाशी आणतं. त्याच गटानं त्याच वर्षी हेही दाखवलं की डेंगी पेशीला तिचे साठवलेले मेदबिंदू मोडून जाळायला लावतो. एकीकडे नवा मेद घडवायचा आणि दुसरीकडे जुना जाळायचा, असा हा दुहेरी कारभार.

आणि हे फक्त माणसात नाही. डेंगीचा विषाणू जगभरच्या लॅबमध्ये ज्या डासांच्या पेशींत वाढवतात त्या सी-६/३६ पेशींचं मूळ पुण्याचं आहे. आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, म्हणजे तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, डॉ. के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. जपानच्या अकिरा इगाराशी यांनी १९७८ मध्ये त्यांतूनच निवडलेली ही शाखा. याच पेशींवर २०१२ मध्ये अमेरिकेत झालेल्या कामात दिसलं, की डेंगी डासाच्या पेशीतल्या मेदांचीही मोठी उलथापालथ करतो. पुण्यात राहून या पेशींचा जन्म पुण्याचा हे मला फार उशिरा कळलं. कोणी सांगतच नाही.

इथून पुढचा विचार कोणाच्याही डोक्यात येईल. विषाणू आपल्या स्वयंपाकघरावर जगतो, तर स्वयंपाकघरच थोडा वेळ बंद ठेवलं तर?

मे २०२१ आठवा. ऑक्सिजनच्या रांगा, बेडसाठी फोनवर फोन. त्या दिवसांत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर २-डीजीची विचारणा सुरू झाली. दिल्लीची डीआरडीओची इन्मास ही संस्था आणि हैदराबादची डॉ. रेड्डीज यांनी आणलेली ही पावडर. पुडी पाण्यात घोळून प्यायची. औषध नियंत्रकांनी तिला आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता दिली होती. कोविडसाठी ती नवी असली तरी रेणू जुना. इन्फ्लुएंझाच्या विषाणूवर एडविन किलबोर्न यांनी तो १९५९ मध्येच वापरून पाहिला होता, आणि इन्मासमध्ये मेंदूच्या गाठींवर रेडिएशनच्या जोडीनं त्याचे प्रयोग पूर्वीच झाले होते.

हा रेणू जवळून बघण्यासारखा आहे. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा एक ऑक्सिजन काढला की झाला २-डीऑक्सी-ग्लुकोज. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पहिलं विकर त्याला फॉस्फेट लावतं, आणि मग गाडी अडते. पुढच्या विकराला ग्लुकोजचं फ्रुक्टोज करायला तोच ऑक्सिजन लागतो. फॉस्फेट लागल्यामुळे आता बाहेरही जाता येत नाही. कर्करोगाच्या पेट स्कॅनमध्ये हीच अडवणूक कामाला येते. तिथे ऑक्सिजनच्या जागी किरणोत्सारी फ्लोरिन बसवतात आणि साखर ओढणाऱ्या गाठी चमकतात. शिवाय एक गंमत अशी, की ग्लुकोज आणि मॅनोज या दोन साखरांमध्ये फरक फक्त त्या दुसऱ्या कार्बनवरच्या ऑक्सिजनची बाजू कोणती, एवढाच. ऑक्सिजनच गेला तर पेशीनं ओळखायचं कशावरून? म्हणून हा रेणू मॅनोजच्याही जागी घुसतो आणि विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनांवर चढणाऱ्या साखरेच्या झुली बिघडवतो. इन्फ्लुएंझासारख्या विषाणूंवर त्याचा जो परिणाम पूर्वी दिसला, त्यातला बराचसा उपासमारीचा नव्हे तर या बिघाडाचा होता.

फ्रँकफर्टच्या एका गटानं २०२० मध्ये पेशींच्या फ्लास्कमध्ये २-डीजीनं कोरोनाचा विषाणू रोखून दाखवला होता. तिसऱ्या टप्प्याची चाचणी भारतात २२० रुग्णांवर झाली. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनची गरज संपलेल्यांचं प्रमाण ४२ टक्के, नेहमीच्या उपचारांत ३१ टक्के, असे आकडे सरकारनं दिले. माझ्या मते एवढ्याशा चाचणीवर एवढी आशा बांधायला नको होती. पण तेव्हा ऑक्सिजनची रांग होती, आणि रांगेत उभ्या माणसाला मी हे सांगू शकले नसते.

माझी धास्ती वेगळी होती. तिचं कारण अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या रुस्लान मेडझितोव्ह यांच्या गटाचं २०१६ चं काम. त्यांनी काही उंदरांना लिस्टेरिया हा जीवाणू दिला, काहींना इन्फ्लुएंझा. आजारी उंदीर खात नाहीत. लिस्टेरियाच्या उंदरांना बळेच भरवलं तर ते मेले. उपाशी राहिलेले तगले. इन्फ्लुएंझाच्या उंदरांचं नेमकं उलटं: भरवलेले तगले. आणि त्यांची साखर अडवायला वापरलेलं औषध कोणतं? हेच, २-डीजी. इन्फ्लुएंझाच्या उंदरांना ते दिलं तर ते मेले. त्यांच्या फुप्फुसातला विषाणू कमी झाला नव्हता, वाढलाही नव्हता. फरक पडला होता तो उंदरांच्या स्वतःच्या पेशींत, विशेषतः मेंदूत. विषाणूशी चाललेल्या लढाईचा ताण सोसायला त्यांना साखर हवी होती आणि तीच अडवली गेली होती.

आमच्या घरी तापात आजोबा ‘लंघनं परमौषधम्’ म्हणायचे आणि आजी मान डोलावून तांदळाची पेज, वर चिमूटभर मेतकूट घालून आणून ठेवायची. हा वाद उंदरांनी मिटवला असं मी म्हणणार नाही. कुठला ताप कशाचा, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण आजीची वाटी परत गेलेली मला आठवत नाही.

गंमत म्हणजे उपाशी ठेवायची युक्ती आपल्या पेशींनाही येते. फक्त त्या ती जपून वापरतात. न विभागणाऱ्या काही पांढऱ्या पेशींत सॅमएचडी-१ नावाचं विकर असतं. डीएनएची अक्षरं तयार झाली की ती मोडून टाकायची, एवढंच त्याचं काम. पेशीला विभागायचंच नाही, त्यामुळे तिचं काही अडत नाही. पण एचआयव्हीला आपल्या आरएनएचा डीएनए करायला अक्षरं लागतात, आणि तो तिथे अडकतो. विषाणूला उपाशी ठेवून घरचं कोणी उपाशी राहत नाही, असं मला ठाऊक असलेलं हे एक ठिकाण.

एचआयव्हीच्या दोन प्रकारांपैकी एचआयव्ही-२ कडे यावर तोड आहे. व्हीपीएक्स हे त्याचं प्रथिन सॅमएचडी-१ ला पकडून पेशीच्याच कचराकुंडीत पाठवतं. हे २०११ मध्ये उलगडलं. एचआयव्ही-१ कडे ते नाही. तरीही जगभर पसरला तो एचआयव्ही-१. एचआयव्ही-२ मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत राहिला, मुंबई-गोव्याकडे थोडा आढळला, आणि त्याचा आजारही सहसा सावकाश चालतो. याचं एक स्पष्टीकरण असं देतात, की सॅमएचडी-१ असलेल्या पेशींत शरीराला धोक्याची सूचना देणाऱ्या पेशीही येतात. एचआयव्ही-१ त्यांच्यात शिरून डीएनए करतच नाही, त्यामुळे त्या जाग्याही होत नाहीत. तो आपला विभागणाऱ्या टी-पेशींकडे, म्हणजे दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींकडे, जातो, जिथे अक्षरं भरपूर असतात.